मिरची यायच्या आधी कोल्हापुरात तिखट काय होतं?

उत्तरेश्वर_पेठ

नमस्कार मंडळी. आठवडा झाला, एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथं विचारते.

मी गेली पंधरा वर्षं घरी मसाला करून विकते. कोल्हापूरबाहेरच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. मे महिना आला की घरोघरी वर्षाची चटणी होते. माझं काम दिवाळीपासूनच सुरू असतं, पण घरची चटणी मात्र मी सगळ्यांसारखी मेमध्येच करते. यंदा चार किलो मिरची घेतली. दोन किलो ब्याडगी रंगासाठी, दीड किलो संकेश्वरी चवीसाठी आणि अर्धा किलो लवंगी, कारण सासऱ्यांना जेवताना कपाळावर घाम आला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. तीन दिवस गच्चीवर मिरच्या तापवल्या, देठं खुडली. सासूबाईंनी खडा मसाला एकेक करून तेलात भाजला. धने, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल, नाकेशर, बदामफूल, लवंग, मिरी. प्रत्येकाला वेगळी आच लागते, तिथं त्या मला अजून हात लावू देत नाहीत.

मग डबे घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर गेलो. आमच्या आधी सात नंबर होते. पोरगा सातवीत आहे, सोबत आला होता. डंकाची मुसळं धाड धाड पडत होती, लाल धूळ उडत होती, सगळ्यांनी नाकाला पदर आणि रुमाल लावलेले. त्यात त्यानं विचारलं, "आई, मिरची पोर्तुगीजांनी आणली म्हणतात. मग त्याच्या आधी आपण तिखट काय खात होतो?" शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, मिरची आपलीच की. कोल्हापूर आणि मिरची काय वेगळी हाय व्हय?" मला काहीच सांगता आलं नाही. आणि ते मनाला लागलं, कारण माझ्या पाकिटावर मी छापलंय, 'हजारो वर्षांची परंपरा'. पंधरा वर्षं लोक ते वाचून माझा मसाला नेतात.

जाणकारांनी नीट सांगावं. मिरची खरंच बाहेरची असेल तर ती आपल्या हाडामासात इतकी कशी मुरली? आणि पोरग्याचा पुढचा प्रश्न तर त्याहून मोठा होता. "खाण्यामुळं इतिहास बदलतो का, का इतिहासामुळं खाणं बदलतं?" पाकिटं पुढच्या महिन्यात नव्यानं छापायची आहेत. खोटं छापायचं नाही एवढं ठरवलंय.

---

इतिहास_मास्तर

ताई, मुलाला माझा आशीर्वाद सांगा. तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. लढाया शिकवल्या, तह शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. त्या सैन्याच्या पोटात काय होतं हे एकाही वर्गात शिकवलं नाही, याची आता खंत वाटते.

तिखटाला आपल्याकडं मिरी होती, पिंपळी होती, आलं, सुंठ आणि मोहरी होती. सुंठ-मिरी-पिंपळी मिळून त्रिकटू, ते वैद्य आजही देतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. त्या वेळी कोल्हापुरावर शिलाहार होते, तेही चालुक्यांचेच मांडलिक, तेव्हा हा ग्रंथ आपल्याच मुलखातला म्हणायला हरकत नाही. त्यात राजाच्या जेवणाचं मोठं प्रकरण आहे, मांसाचे कितीतरी प्रकार आहेत. फोडणीला आणि चवीला हिंग, हळद, आलं, मिरी. मिरची कुठंच नाही, कारण ती तेव्हा समुद्रापलीकडं मेक्सिकोच्या बाजूला पिकत होती आणि इकडच्या कुणाला तो मुलूखच माहीत नव्हता.

पुरावा शब्दातही आहे. मिरीवरून मिरची. शेजारच्या कानडीत मिरीला मेणसु म्हणतात आणि मिरचीला मेणसिनकाई. गडहिंग्लज बाजारात दोन्ही शब्द एकाच पोत्याजवळ ऐकू येतात. नवीन वस्तू आली, तिखट लागली, लोकांनी ओळखीच्या तिखटाचं नाव तिला दिलं. कोलंबसाच्या लोकांनीही हेच केलं. ते निघाले होते मिरीच्या शोधात, १४९२ साली भलत्याच किनाऱ्याला लागले, तिथं तिखट फळ दिसलं आणि त्यालाही मिरीचंच नाव चिकटलं. इंग्रजीत म्हणूनच आजही दोन्ही 'पेपर'.

आता मुलाचा दुसरा प्रश्न. त्याला घेऊन एकदा टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. तिथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे, वीतभरापेक्षाही लहान. ती पंचगंगेकाठी आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि घाट चढून माल इथवर येई. त्या व्यापारात रोमनांना हवी असलेली मोठी वस्तू म्हणजे मलबारची मिरी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की हिंदुस्थान दरवर्षी आमची ५ कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो. आणि ४०८ साली गॉथ नावाच्या टोळ्यांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला, तेव्हा वेढा उठवायला त्यानं जी खंडणी मागितली तिच्यात सोनं होतं, चांदी होती, रेशीम होतं आणि ३००० पौंड मिरी होती. रोमन पौंड साधारण सव्वातीनशे ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक टन. रोमसारख्या शहराचा जीव सोडवायला एक टन मिरी, हे मी वर्गात सांगितलं असतं तर एक पोरगं झोपलं नसतं.

त्याच मिरीसाठी वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून ब्राझीलच्या बाजूची रोपं आणि बिया इकडं येऊ लागल्या आणि गोव्याहून घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून वर चढल्या. मिरी न्यायला आलेल्यांनी मिरची आणली. खाण्यानं इतिहास हलवला आणि हललेल्या इतिहासानं आपलं खाणं बदललं. मुलाला सांगा, दोन्ही बरोबर.

ती मुरली कशी, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मिरीचा वेल दमट सावलीत, झाडाच्या आधारानं वाढतो, धरायला तीन-चार वर्षं घेतो. आमच्या शिरोळच्या काळ्या रानात तो जगायचा नाही. मिरी नेहमी विकतच आणावी लागे, म्हणून ती पैसेवाल्याच्या घरी. मिरचीचं बी परसात टाका, एका हंगामात तोडा, वाळवा, मडक्यात भरून वर्षभर खा. ज्याच्याकडं भाकरीबरोबर घ्यायला काही नव्हतं त्याला तोंडी लावायला मिळालं. मिरची आपली झाली ती गरिबाच्या हातानं झाली, ताई. पाकिटावर हे लिहिता आलं तर बघा.

आणि ती भाकरी? ज्वारी मूळची सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेची, नाचणी पूर्व आफ्रिकेतली. तिन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वीच इकडं आली. म्हणजे शेताच्या बांधावर बसून आपण भाकरी-चटणी खातो तेव्हा आफ्रिका आणि अमेरिका दोन्ही पदरात असतात.

एक राहिलंच. एकादशीचं ताट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून हल्लीचा साबुदाणा होतो तो कसावा, सगळे अमेरिका खंडातले. वरी तेवढी इथली. माझ्या आईनं जन्मभर निष्ठेनं एकादशी केली. हे कळल्यावर तिची निष्ठा मला तसूभरही कमी वाटली नाही. उलट वाटलं, एवढ्या दूरच्या धान्याला आपल्या बायकांनी देवाच्या पानापर्यंत नेलं.

---

खानावळ_राजारामपुरी

मास्तर, तुमचं वाचून मी भटारखान्यात जाऊन उभा राहिलो. आमच्याकडं रोज दोन पातेली चढतात, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. तांबड्यात चटणी, म्हणजे मिरची. पांढऱ्याला तिखटपणा येतो तो मिरी, आलं आणि लवंगेनं. दाटपणाला तीळ आणि नारळाचं दूध. हिरवी मिरची काहीजण एखादी टाकतात, आम्ही टाकत नाही. काजू घालतो, पण आता कळतंय की तोही ब्राझीलचाच.

म्हणजे एकाच ताटात दोन वाट्या, एकीत जुनं तिखट आणि एकीत नवं. पांढरा रस्सा हा पदार्थ म्हणून फार जुना आहे असा माझा दावा नाही. पण गिऱ्हाईक आधी पांढरा पितं, मग तांबड्याकडं वळतं, ते इतकी वर्षं बघतोय. आज पहिल्यांदा वाटलं की माणसं पाचशे वर्षांचा रस्ता एका जेवणात चालून जातात.

---

गुऱ्हाळघर_करवीर

मास्तरांनी मिरीचं सांगितलं, मी उसाचं सांगतो. आमचं गुऱ्हाळ आजोबांच्या काळातलं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली, त्या पेठेत आमच्या आजोबांची ढेप बैलगाडीतून जायची.

ज्यांनी आदण, म्हणजे काहिलीभर रस आटवून गूळ होताना बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. घाण्यातनं रस काढला की तो काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत येतो. खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड घालणारा माणूस एकसारखा घालत राहतो, एक पेंडी कमी नाही, एक जास्त नाही. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकायचा. त्यानं मळी वर येते, काळी-हिरवी, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस पिवळा होतो, बुडबुडे आधी बारीक, मग बैलाच्या डोळ्याएवढे. इथनं पुढं सगळं गुळव्याच्या हातात. तो पाक काढून गार पाण्यात टाकतो, बोटानं गोळी करतो. गोळी मऊ असली तर अजून काकवी आहे. टणक झाली की ओरडतो, "उतरा!" आणि चार माणसं काहील ओढून वाफ्यात पालथी करतात. दहा सेकंद इकडं की तिकडं. बावीस वर्षांचा असताना वडील आजारी होते म्हणून मी पहिल्यांदा गोळी बघायला बसलो आणि उशीर केला. अख्खं आदण करपलं. टनभर उसाला शंभर किलोच्या आसपास गूळ पडतो, त्याची काळी पेंड झाली. वडील काही बोलले नाहीत, फक्त ती ढेप वर्षभर ओसरीवर ठेवली.

आता मुद्दा. ऊस मूळचा न्यू गिनी बेटावरचा. पण रस आटवून त्याची कोरडी साखर करायची विद्या हिंदुस्थानची. शर्करा हा शब्द अरबांकडून फिरत फिरत इंग्रजांच्या 'शुगर'पर्यंत गेला, खांडचं 'कँडी' झालं. सिकंदराचा सरदार निआर्कस ऊस बघून चकित झाला होता, मधमाशीशिवाय मध देणारं गवत म्हणून. आपल्या काहिलीतली विद्या जगात गेली याचा मला लहानपणापासून अभिमान होता.

पुढं काय झालं ते कळल्यावर झोप उडाली. कोलंबस १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस घेऊन कॅरिबियन बेटांवर गेला. तिथं ऊस फोफावला, पण तोडायला आणि रस आटवायला माणसं नव्हती. मग आफ्रिकेतनं माणसं पकडून आणली. साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली, त्यातली १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. सगळीच उसासाठी नव्हती, पण सर्वांत मोठा वाटा उसाच्या मळ्यांचाच. युरोपला चहात साखर पाहिजे म्हणून. ऊस तोडला की एका दिवसात गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या मळ्यांवर रात्रंदिवस घाणा का चालायचा आणि झोपेत माणसांचे हात घाण्यात कसे जायचे, हे मला पुस्तक न वाचता समजतं. हैतीच्या गुलामांनी १७९१ साली बंड केलं आणि १८०४ साली स्वतःचा देश केला. उसाच्या फडातनं उठलेला देश आहे तो.

इंग्रजांनी १८३३ साली कायदा करून गुलामी बंद केली. पण ऊस तोडायचा थांबला नाही. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातनं करारावर मजूर न्यायला लागले, जवळजवळ ५ लाख माणसं उतरली तिथं. मुंबई बंदरातनं आपली मराठी माणसंही गेली. त्या कराराला, इंग्रजीतल्या ॲग्रीमेंटला, मजूर गिरमिट म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी मॉरिशसचं एक कुटुंब जोतिबाला आलं होतं, जाताना रस्त्यावर आमचं गुऱ्हाळ बघून थांबलं. सत्तरीचे एक काका. मराठी बोलत होते, पण शब्द आठवून आठवून, आपल्या आजीसारखे जुने शब्द. मी गरम गुळाचा खडा हातावर दिला. त्यांनी तो तोंडात टाकला नाही, कितीतरी वेळ नुसता वास घेतला. मग म्हणाले, माझ्या आजोबांचा आजोबा उसासाठी गेला, कुठल्या गावचा ते कागदावर नीट लिहिलेलं नाही. मी विचारलं, गूळ करत होते का तिकडं? म्हणाले, नाही, तोडत होते.

ते गेल्यावर मी फडात गेलो. आमच्या रानात ८६०३२ आहे. पुढं 'को' लावतात तो कोइमतूरचा, तिथल्या ऊस संशोधन केंद्रातनं आलेलं वाण. त्या दिवशी बीडकडची टोळी तोड करत होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोबही तसाच, एक कोयता म्हणजे दोन माणसं. पहाटे चारला आलेली. बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी, झोळीत सहा महिन्यांचं लेकरू, चिपाडाच्या धुळीनं डोळे चिकटलेले. हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत जाता येत नाही. उचल आणि गिरमिट हे दोन शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत. आम्ही आता टोळीला पाणी, दिवसा पोरांना सांभाळायला एक बाई आणि वजनाचा हिशोब रोजच्या रोज लिहून, एवढं करतो. पुरेसं नाही, ठाऊक आहे.

तेव्हा पोरग्याला सांगा, खाण्यानं माणसं हलतात. आपल्या खुशीनं थोडी, दुसऱ्याच्या गोडासाठी फार.

---

माणदेशी_मावशी

मी आटपाडीकडची, लग्न होऊन कोल्हापुरात आले. नातीच्या मोबाईलवरनं लिहायला लागले, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची. दोन साल पाऊस नाही. आधी वैरण संपली, मग बैल गेले, मग कणगीचा तळ दिसला. कणगीच्या तळाला शेवटचं जोंधळ्याचं पीठ राहतं ना, मातीच्या वासाचं, ते आईनं झाडणीनं गोळा केलेलं मला दिसतंय अजून. मग सगळं गाव खडी फोडायला. तलावाच्या कामावर बाया मातीच्या पाट्या वाहायच्या, आम्ही पोरी दगडावर हातोडी. दुपारी सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, गोड. ओंजळीत घेऊन कोरडीच खायची, पाणी वर. धाकट्या भावासाठी अर्धी पदरात बांधून आणायची.

रेशनला मिलो यायचा, अमेरिकेचा लाल जोंधळा. भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत चार तुकडे. आई सुगरण, तिची भाकरी पापुद्र्याची फुगायची, आणि त्या तुकड्यांकडं बघून ती रडायची. भुकेनं रडली नाही, भाकरी तुटली म्हणून रडली. आम्ही जगलो त्याच्यावर, हे पण खरं. मी मिलोला नावं ठेवणार नाही.

दुष्काळ सरल्यावर वडील परत रानात गेले नाहीत. उसाच्या पट्ट्यात आले, पंचगंगेकाठी. माझं लग्न इकडं झालं ते त्यामुळं. माझी पोरं, नातवंडं कोल्हापूरची झाली ती दोन सालं पाऊस पडला नाही म्हणून. इतिहास मला येत नाही, पण पोरगा इतिहास आणि खाणं विचारतोय तर मला हेच आठवलं.

अजून मी ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाही. नातवंडं चिडतात.

---

इतिहास_मास्तर

मावशी, तुम्ही लिहिलंत त्याला जोड म्हणून एवढंच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिणेत ५० लाखांहून जास्त माणसं मेली. सरकारी कामावर मजुराला दिवसाला अर्धा किलोपेक्षाही कमी धान्य ठरवलं होतं आणि त्याच वेळी बंदरांतून धान्य विलायतेला जात होतं. बाहत्तरचा दुष्काळ पावसाच्या हिशोबानं काही कमी नव्हता. पण १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामावर होती, हातात मजुरी होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेल्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागायचा हक्क कायद्यात लिहिला गेला. तुम्ही फोडलेली खडी त्या कायद्याच्या पायात आहे, मावशी.

---

उत्तरेश्वर_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन वेळा वाचलं, दोन वेळा सासूबाईंना वाचून दाखवलं. मावशींचं वाचताना त्या मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या.

शनिवारी पोरग्याला टाऊन हॉलला नेलं. पोसायडन बघून तो म्हणाला, "एवढासा?" मग बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. घरी येऊन त्यानं जगाच्या नकाशावर आमच्या मसाल्याच्या डब्याचे बाण काढले. मिरचीचा बाण सगळ्यांत लांब.

पाकिटावरची ओळ काढली. आता तिथं मागच्या बाजूला छापणार आहे, 'मिरी आपली जुनी, मिरची गोव्याच्या वाटेनं आली, आणि शेतात राबणाऱ्यांनी ती घरची केली.' छापखानेवाले म्हणाले, एवढं लांब कोण वाचतंय. मी म्हटलं, वाचतील.

आता एकच मागणं. येत्या रविवारी मटण करायचंय, मिरचीशिवाय. टोमॅटो, बटाटा, काजू काही नाही. अर्धा किलोला मिरी किती घालू? पंधरा वर्षं मसाला करते, पण हे माप माझ्या हाताला ठाऊक नाही.

---

खानावळ_राजारामपुरी

वहिनी, अर्ध्या किलोला तीस-पस्तीस दाणे घ्या, सासऱ्यांच्या वाट्याला आणखी दहा. आख्खी टाकू नका. तव्यावर नुसती गरम करा, भाजून काळी करू नका, कडू होते. खलबत्त्यात जाडसर कुटा, मिक्सरला लावू नका. मटणाला आधी हळद, मीठ, दोन इंच आलं आणि मूठभर लसूण वाटून चोळा, तासभर ठेवा. कांदा, धने, तीळ आणि सुकं खोबरं भाजून वाटण करा. हिंग फोडणीला, आणि निम्मी मिरी तिथंच तेलात.

उरलेली निम्मी शेवटी, पातेलं उतरायच्या पाच मिनिटं आधी. मिरीचं तिखट मिरचीपेक्षा वेगळं लागतं, त्यामुळं चव बघून घाईनं वाढवू नका. एक घोट प्या, शंभर आकडे मोजा, मग ठरवा. आणि मावशींना सांगून ठेवा, त्या दिवशी भाकरी त्यांच्या हातची पाहिजे. रविवारी मी येतो जेवायला, मास्तरांनाही घेऊन येतो.